चित्र बोलत असताना आपण थांबावं: जुनी इंग्रजी चित्रपुस्तकं मुलांना मराठीतून वाचून दाखवताना

रोझी नावाची एक कोंबडी फिरायला निघते. अंगण, तळं, गवताची गंजी, गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या असं करत जेवणाच्या वेळेला घरी परतते. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ या 1968 सालच्या पुस्तकात लिहिलेलं एवढंच आहे. सगळे मिळून 32 शब्द आणि वाक्य एकच. पण चित्रांत पहिल्यापासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे. तो पानोपानी झडप घालतो आणि पानोपानी आपटतो. कधी दाताळ्यावर पाय पडून दांडा तोंडावर बसतो, कधी तो तळ्यात पडतो, कधी अंगावर पीठ सांडतं. शब्दांत मात्र कोल्ह्याचं नावसुद्धा नाही.

आमच्या सोसायटीतल्या मुलांना हे पुस्तक पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मी प्रत्येक पानावर “बघा, कोल्हा आला, आता पडणार” असं सांगत गेले. मुलांनी गुपचूप ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी फक्त छापलेलं तेवढंच वाचलं आणि पान उलटायच्या आधी थांबले. चार वर्षांची एक मुलगी उठून उभी राहिली आणि कोंबडीला ओरडून सांगायला लागली, “अगं मागे बघ, मागे!” कोल्हा तिला तिचा तिने सापडला होता. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं त्या रविवारी शिकले.

साधारण 1940 ते 1970 या काळात अमेरिकेत अशी पुस्तकं एकामागून एक आली. रंगीत छपाई महाग होती, त्यामुळे चित्रकाराला बरेचदा एका-दोन रंगांत भागवावं लागे. मग रेघ, मोकळी जागा आणि पान उलटण्याचा क्षण, यांवरच गोष्ट पेलायची. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीटवर ल्यूसी स्प्रेग मिचेल यांच्या शाळेभोवती जमलेली मंडळी लहान मुलं प्रत्यक्षात कशी बोलतात हे कान देऊन ऐकत होती. ‘गुडनाइट मून’ लिहिणाऱ्या मार्गारेट वाइझ ब्राउन त्यांच्यातल्याच. या पुस्तकांत शब्द कमी असतात ते या सगळ्यामुळे. म्हणूनच ती मराठीतून सांगायला सोपी वाटतात, आणि म्हणूनच ती सांगताना बिघडतातही पटकन.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं

माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘कॅप्स फॉर सेल’. एस्फिर स्लोबोदकिना यांचं, 1940 सालचं. टोपीवाला झाडाखाली झोपतो, माकडं टोप्या पळवतात, तो रागाने आपली टोपी जमिनीवर आपटतो आणि माकडंही आपटतात. ही गोष्ट आपल्या मुलांना आजीकडून आधीच माहीत असते, म्हणजे नव्या पुस्तकातलं अर्धं अंतर आपोआप कापलं जातं. फरक कुठे आहे ते मुलांनाच शोधू द्या. आपल्या टोपीवाल्याकडे गाठोडं किंवा टोपली असते, हा मात्र सगळा माल डोक्यावर रचून चालतो. सर्वांत खाली स्वतःची चौकड्यांची टोपी, तिच्यावर करड्या, मग तपकिरी, मग निळ्या आणि अगदी वर लाल. एक टोपी पन्नास सेंटला.

दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलासाठी ‘गुडनाइट मून’ (1947). तीन ते चारच्या मुलाला एरिक कार्ल यांचा भुकेला सुरवंट (1969), एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ (1962) आणि अर्थात रोझी. चारच्या पुढे क्रॉकेट जॉन्सन यांचं ‘हॅरॉल्ड अँड द पर्पल क्रेयॉन’ (1955) आणि मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (1963). रॉबर्ट मॅक्लॉस्की यांची ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ (1941) आणि ‘ब्लूबेरीज फॉर सॅल’ (1948) लांब आहेत. पाचच्या आसपास, एका जागी पंधरा मिनिटं बसणाऱ्या मुलासाठी ठेवा. वयाचे हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. मूल पान उलटायला हात पुढे करतंय का, एवढं बघा.

एका वेळी दोनच पुस्तकं घरात आणा. दहा आणली की मूल चाळतं. दोन असली की वाचतं.

प्रत हातात घेऊन बघा

ऑनलाइन मागवताना पानांची संख्या आणि आकार नक्की वाचा. अशी पुस्तकं बहुधा 32 पानांची असतात, कारण छापील कागद सोळा पानांच्या घड्यांत दुमडला जातो. जाड पुठ्ठ्याच्या छोट्या आवृत्तीत कधी पानं गाळलेली असतात, कधी दोन पानांवर पसरलेलं चित्र एका पानात कोंबलेलं असतं. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायला पुठ्ठाच बरा. पण रोझीच्या पुस्तकात कोंबडी उजवीकडे चालत असते आणि कोल्हा मागे डावीकडे असतो. मधलं अंतर आक्रसलं की मजाच गेली.

मुखपृष्ठावर सोनेरी गोल शिक्का दिसला तर ते कॅल्डेकॉट पदक. 1938 पासून अमेरिकेतल्या चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला हे दरवर्षी मिळतं. रुपेरी शिक्का म्हणजे त्याच्या खालोखालचा मान. निवडताना शिक्क्याची मदत होते, पण त्याच्यावर विसंबू नका. आणि ग्रंथालयाच्या फळीवर एखादं पुस्तक नाही म्हणून ते हलकं समजू नका. ‘गुडनाइट मून’ न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 1972 पर्यंत ठेवलंच नव्हतं, कारण तिथल्या वजनदार बालग्रंथपाल ॲन कॅरल मूर यांना ते आवडलं नव्हतं. त्याच लायब्ररीने 2020 साली आपल्या 125 वर्षांतल्या सर्वाधिक वाचकांनी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली. पहिलं आलं ‘द स्नोई डे’, 4,85,583 वेळा. यादीखाली ‘गुडनाइट मून’चा खास उल्लेख करावा लागला.

भारतात ही पुस्तकं नवी घेतली तर महाग पडतात. रद्दीवाल्याकडे, वजनावर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनांत, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर नजर ठेवा. आतलं एखादं पान फाटलेलं नाही ना, हे तिथेच उभं राहून पान न् पान मोजून बघा. अमेरिकेत राहणाऱ्या घरांना हा त्रास नाही, जवळच्या ग्रंथालयात बहुतेक सगळी मिळतात.

आधी एकट्याने बघा, शब्द झाकून

मुलासमोर पुस्तक पहिल्यांदा उघडू नका. आदल्या रात्री एकट्याने बसा आणि मजकुरावर हात किंवा पोस्टकार्ड ठेवून नुसती चित्रं बघा. दहा मिनिटं लागतात.

‘गुडनाइट मून’ घ्या. हिरव्या भिंतींची मोठी खोली, पलंगावर सशाचं पिल्लू, खुर्चीत विणत बसलेली आजी. घड्याळात सात वाजलेत. रंगीत पानावर खोली पुन्हा दिसते तेव्हा काटा पुढे सरकलेला असतो आणि शेवटच्या चित्रात आठ वाजून दहा मिनिटं झालेली असतात. पानागणिक खोलीत अंधार थोडा वाढतो, खिडकीतला चंद्र वर चढतो. एक छोटा उंदीर दर वेळी जागा बदलून बसलेला सापडतो. घड्याळात किती वाजले याबद्दल शब्दांत काहीही नाही. चित्रकार क्लेमेंट हर्ड यांनी ते चित्रात ठेवून दिलंय, मुलाने शोधावं म्हणून. तुम्हाला ते आधी माहीत हवं, म्हणजे मूल “उंदीर!” म्हणेल तेव्हा तुम्ही घाईने पान उलटणार नाही.

माहीत हवं, पण सांगायचं नाही. हे अवघड जातं. आपल्याला एखादी गंमत कळली की ती मुलाला दाखवायचा मोह होतो. तो आवरा.

मराठी कसं करायचं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. वाचता वाचता तोंडी भाषांतर केलं की वाक्यं रोज बदलतात, आणि लहान मुलाला ते अजिबात खपत नाही. काल जे शब्द होते तेच त्याला आज हवे असतात. म्हणून आपलं मराठी एकदा ठरवा आणि कागदाच्या पट्ट्यांवर लिहा. स्वतःच्या प्रतीत पट्टी पानाच्या कडेला हलकी चिकटवता येते. ग्रंथालयाची प्रत असेल तर पट्ट्यांना पानांचे आकडे घाला आणि हातात धरा.

लिहिलेलं मोठ्याने म्हणून बघा. “शुभ रात्री, चंद्रा” हे निवेदकाचं मराठी झालं, घरात असं कुणी बोलत नाही. मी “नीज रे चांदोबा” म्हणते. मग “नीज गं खुर्ची”, “नीज रे उंदरा”. इंग्रजीतल्या एकाच शब्दाचं आपल्याकडे रे आणि गं होतं, आणि खोलीतली प्रत्येक वस्तू मुलाच्या नात्यातली होऊन जाते. वाडग्यात जे मऊ खाणं आहे त्याला सरळ खिमट म्हणा. दात नसल्यापासून ते खाल्लेल्या मुलाला काही समजावून सांगावं लागत नाही. एका पानावर काहीच चित्र नाही, आणि तिथे ‘कुणीही नाही’ असलेल्यालाही झोप म्हटलंय. “नीज रे कुणीनाही” असं म्हणून बघा. मुलं त्या कोऱ्या पानाकडे फार वेळ बघतात.

सेंडाकच्या पुस्तकात नावातलाच एक शब्द, ‘वाइल्ड थिंग’, सगळं पुस्तक तोलून धरतो. मॅक्स घरभर उच्छाद मांडतो, आई त्याला एक शब्द बोलते, आणि मग तो समुद्र ओलांडून जातो तिथल्या अजस्र प्राण्यांनाही तोच शब्द आहे. म्हणून ‘राक्षस’ चालत नाही. रागावलेली आईसुद्धा पोराला तसं सहसा म्हणत नाही. ‘बागुलबुवा’ तर नकोच, तो भीती घालायचा शब्द आहे आणि मॅक्स घाबरत नाही. मी ‘द्वाड’ घेतला. आई म्हणते, “द्वाड कुठला!” आणि मॅक्स द्वाडांच्या मुलुखात पोचतो, त्यांचा राजा होतो. राजाच्या हुकमासाठी ‘धिंगाणा’ हा शब्द जणू तयारच होता.

हॅरॉल्डच्या शेवटाशी इंग्रजीत शब्दाचा एक खेळ आहे. जांभळ्या खडूने जग काढत फिरलेला हा पोरगा शेवटी स्वतःचा पलंग काढतो आणि पांघरूण ‘ओढतो’. चित्र काढणं आणि पांघरूण ओढून घेणं, दोन्हीला इंग्रजीत एकच क्रियापद. हा खेळ भाषांतरात मरणार असं वाटतं, पण आपणही रेघ ओढतो आणि पांघरूणही ओढतो! “हॅरॉल्डने रेघ ओढली, पांघरूण ओढलं” एवढंच म्हणा आणि क्रॉकेट जॉन्सनची गंमत जशीच्या तशी आली. पट्टी लिहिताना हे सापडलं त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता.

सुरवंटाचं मराठी आपोआप होतं. सोमवार ते शुक्रवार एक ते पाच फळं, आणि दर वेळी ठेक्यात “तरी भूक आहेच!”. हे मुलं दुसऱ्याच दिवशी तुमच्या आधी म्हणतात. शनिवारी तो केक, आइस्क्रीम, चीज, कलिंगड असं दहा तऱ्हांचं खातो आणि रात्री पोटात दुखतं. तिथे आजीचा शब्द वापरा: “बाधलं!” त्या दहांत एक हिरवं लोणचं आहे, व्हिनेगरमधल्या काकडीचं, चित्र बघून आपली मुलं त्याला काकडी म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पुढे तो स्वतःभोवती जे घर बांधतो त्यासाठी कार्ल यांनी वापरलेल्या ‘ककून’ या इंग्रजी शब्दावरून निसर्ग-अभ्यासक हरकत घेतात, कारण तो पतंगाच्या कोषाचा शब्द आहे, फुलपाखराच्या नव्हे. मराठीत दोन्हीला कोषच. वादच मिटला.

आता माझं एक आग्रहाचं मत. पुस्तकातला गाव बदलू नका. मेन राज्यातल्या डोंगरावर सॅल आणि तिची आई ब्लूबेऱ्या वेचतात, त्या जागी करवंदं आणि सह्याद्री आणायचा मोह होतो. पण चित्रातलं अस्वल, ती डबे भरून बेगमी करण्याची घाई, हे सगळं तिथलं आहे. “आपण करवंदं वेचतो ना, तशी ही ब्लूबेरी” एवढं एकदा सांगा आणि पुढे जा. आवाज मात्र बिनधास्त मराठी करा. पत्र्याच्या बादलीत पहिली तीन फळं पडतात, “टिंग, टँग, टुंग!” आणि नंतर आवाज फारसा येत नाही, कारण बादली भरत नाही, फळं सॅलच्या तोंडात जातात.

माणसांची, पात्रांची नावंही तशीच राहू देत. याला मी एकच अपवाद करते, ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’मधल्या बॉस्टनच्या बदकांचा. त्या आठ पिल्लांची नावं जॅक, कॅक, लॅक अशी इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने, जे पासून क्यू पर्यंत आहेत. तो क्रम हीच तर गंमत. म्हणून आमच्याकडे ती कॅक, खॅक, गॅक, घॅक, चॅक, छॅक, जॅक, झॅक अशी चालतात. बरोबर आठ! वाहतूक अडवणारे पोलीसकाका मायकेल मात्र मायकेलच. (बॉस्टनजवळ राहत असाल तर पब्लिक गार्डनमध्ये नॅन्सी शॉन यांनी 1987 साली केलेली या बदकांची ब्राँझची रांग आहे, मुलांना बसता येईल एवढ्या उंचीची. पुस्तक वाचून झाल्यावर न्या, आधी नको.)

शाळेत इंग्रजी वाचायला लागलेलं मूल “असं नाही लिहिलंय” म्हणून अडवेल. त्याला रागावू नका. छापलेली ओळ त्याने वाचायची, पट्टीवरची आपण. परदेशात वाढणाऱ्या मुलांना याची विशेष गोडी लागते, कारण आई-बाबांचं चुकतंय का हे त्यांना तपासायचं असतं.

बसणं, धरणं, उलटणं

एकच मूल असेल तर मांडीवर किंवा कुशीत, पुस्तक दोघांच्या मधे. सात-आठ मुलं असतील तर तुम्ही पाटावर, मुलं जमिनीवर, पुस्तक छातीच्या उंचीवर एका हाताने मधोमध खालून धरलेलं, मुलांकडे तोंड करून. पट्ट्या दुसऱ्या हातात. खिडकी मुलांच्या पाठीशी हवी, तुमच्या नाही. नाहीतर त्यांना पानावर नुसती काळी सावली दिसते.

मुखपृष्ठ दाखवा. नाव सांगा, चित्रकाराचंही. आतलं रंगीत अस्तरपान सोडू नका. मग पहिलं पान उघडा आणि आधी गप्प बसा. मनात पाच आकडे मोजा. मुलांचे डोळे चित्रावरून फिरून तुमच्याकडे आले की वाचा. वाचून झालं की पानाच्या वरच्या कोपऱ्यात बोट घाला, पण लगेच उलटू नका. रोझीच्या पुस्तकात एका पानावर कोल्हा हवेत उडालेला असतो आणि कुठे पडतो ते पुढच्या पानावर. त्या दोन पानांमधला क्षण मुलांचा आहे. कुणी “पडणार!” म्हणेल, कुणी तोंडावर हात ठेवेल. मग सावकाश उलटा.

वाचताना प्रश्न विचारू नका. “हा कोणता रंग? किती टोप्या?” असं सुरू झालं की गोष्टीची शाळा होते. मुलाने विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या आणि परत चित्राकडे या.

टोप्यांच्या पुस्तकात मात्र अंग हलवू द्या. टोपीवाला बोट नाचवतो, माकडं बोट नाचवतात. तो पाय आपटतो, माकडं पाय आपटतात. तुम्ही टोपीवाला व्हा, “टोप्या घ्याऽऽ टोप्या!” अशी भाजीवाल्यासारखी खणखणीत हाळी द्या, आणि मुलांना माकडं होऊ द्या. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा.

पुस्तक मिटल्यावर

लगेच दुसरं काढू नका. मूल म्हणेल “परत”, तर परत. सलग वीस रात्री एकच पुस्तक वाचावं लागलं तरी वाचा. पाचव्या-सहाव्या वाचनाला मूल स्वतः पान उलटून आपल्या शब्दांत गोष्ट सांगू लागतं, तेव्हा मधे पडू नका, चुकीचं सांगितलं तरी.

‘द स्नोई डे’नंतर मी एक गोष्ट नेहमी करते. पुण्या-मुंबईच्या मुलाला बर्फ म्हणजे सरबतातला खडा. पीटर लाल पोशाखात बाहेर पडतो, काठीने बर्फात रेघ ओढतो, बर्फाचा एक गोळा खिशात घालून घरी आणतो, आणि रात्री झोपण्याआधी बघतो तर खिसा रिकामा. फ्रीजरच्या कडेला साचलेला भुसभुशीत बर्फ चमच्याने खरवडून मुलाच्या मुठीत द्या, तो जुन्या चड्डीच्या खिशात घालू द्या, आणि दहा मिनिटं दुसरं काहीतरी खेळा. मग खिसा बघा. कीट्स यांनी हे पुस्तक कागद आणि कापडाचे तुकडे चिकटवून केलं, आणि पीटर झोपतो त्या पानांची करडी पार्श्वभूमी शाई दात घासायच्या ब्रशने शिंतडून केली. तसंच शिंतडून बर्फ उडवायला जुना ब्रश आणि पांढरा रंग घरात असतोच. अंगणात किंवा गच्चीत करा, भिंतीजवळ नको.

जुन्या काळाचे डाग

काही पुस्तकांत त्या काळातल्या वाईट सवयीही आहेत. 1941 सालच्या ‘क्युरियस जॉर्ज’ या जिज्ञासू माकडाच्या गोष्टीत माणूस त्याला आफ्रिकेतून पोत्यात घालून आणतो आणि पुढे ते माकड पाइप ओढतं. अमेरिकेतले प्रसिद्ध बालपुस्तककार डॉ. स्यूस यांच्या वारसदार संस्थेने 2021 मध्ये वर्णभेदी चित्रांमुळे सहा पुस्तकं छापणं थांबवलं. आधी एकट्याने वाचायचं त्याचं हेही एक कारण. मी अशी पुस्तकं चार वर्षांच्या मुलाला देत नाही. सात वर्षांच्या मुलाबरोबर वाचते आणि ते पान आलं की थांबून बोलते. पान चिकटवून लपवणं मला पटत नाही, मुलं ते उचकटून बघतातच.

राहता राहिलं द्वाडांच्या पुस्तकाचं शेवटचं पान. तिथे घाई होतेच, म्हणून वेगळं सांगते. सुरुवातीला चित्रं पांढऱ्या चौकटीत लहान असतात. मॅक्सचं जग मोठं होत जातं तशी चित्रं पान व्यापत जातात, आणि धिंगाण्याच्या तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. तिथे तुम्हीही बोलू नका. मुलांना चित्र बघू दे, ओरडू दे. मग मॅक्स घरी येतो. खोलीत जेवण वाढून ठेवलेलं असतं. ते चित्र पूर्ण बघून झाल्यावर पान उलटा. पुढे पांढरं पान आहे, चित्र नाही, नुसती एक ओळ. माझ्या पट्टीवर ती अशी आहे: “आणि ते अजून गरम होतं.” हळू म्हणा, आणि पुस्तक मुलाला मिटू द्या.